बरा

पहाटे साडेपाचच्या सुमाराला मला नखांच्या आवाजाने जाग येते. स्वयंपाकघराच्या दाराशी जुन्या गोधडीवर झोपलेला पेढ्या उठत असतो. आधी पुढचे दोन पाय रोवतो. मग थोडा वेळ काहीच होत नाही. तो थोडा वेळ मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजते. मग मागचा भाग उचलल्याचा एक उसासा येतो आणि फरशीवर नखं वाजू लागतात. चारी पायांची एकसारखी टकटक आली तर दिवस चांगला जायचा. टक, टक, टक आणि मागून एक घसटत आलेली खर्र असं ऐकू आलं, तर आज जपायचं. डोळे उघडायच्या आत एवढं कळलेलं असतं. जिन्यात कोण आलं हे पावलांवरून ओळखायची सवय मला लहानपणापासून होती. पावलांवरून दुखणं ओळखायला मात्र मी या कुत्र्याकडून शिकले.

पेढ्या अडीच वर्षांचा आहे. हे वाक्य मला रोज कुणाला ना कुणाला तरी सांगावं लागतं. रस्त्यावर तो थांबत थांबत चालताना पाहिलं की लोक सहानुभूतीने विचारतात, "म्हातारा झालाय का हो?" अडीच वर्षांचा आहे म्हटलं की चेहरे बदलतात. "मग कुणी दगड मारला का?" "गाडीखाली आला होता?" तरण्या देहाला दुखणं असायला काहीतरी घडलेलं असावं लागतं, अशी आपली समजूत असते. म्हाताऱ्याचं दुखणं वयाच्या खात्यावर टाकता येतं, तरण्याचं कुठे टाकायचं? त्याच्याकडे अपघाताची गोष्ट नसली की लोकांना दुखणंच खरं वाटत नाही. संधिवात म्हटलं की हसतात. "कुत्र्याला? आणि या वयात?"

तो लॅब्राडॉर आहे, रंग खरपूस भाजलेल्या कंदी पेढ्याचा. साताऱ्यातल्या घरात या रंगाचं पिल्लू आलं तर त्याचं दुसरं नाव काय ठेवणार? मुलगा पुण्याला शिकतो, त्यानेच एका विक्रेत्याकडून त्याला आणलं. सोबत लसींचं कार्ड होतं, वंशावळीचा छापील कागद होता. आम्ही डोळे पाहिले, पंजे पाहिले, पोट पाहिलं. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हेही विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्याने तो विषय काढला नाही. पत्रिका जुळली की लग्न ठरवून टाकणारी माणसं आपण. त्या वंशावळीकडेही आम्ही तसंच पाहिलं असणार.

सात महिन्यांचा असताना तो सशासारखा पळायचा. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, टुणटुण. आम्हाला ते इतकं गोड वाटलं की मुलाने व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. लस द्यायला नेलं तेव्हा तोच व्हिडिओ मी डॉक्टरांना कौतुकाने दाखवला. ते हसले नाहीत. त्यांनी तो दोनदा पाहिला. म्हणाले, "ताई, एकेका पायावर वजन घ्यायला नको वाटतं, म्हणून तो दोन्ही पाय एकदम टाकतोय." आम्ही ज्याला खेळ म्हणत होतो तो त्याने दुखण्यावर काढलेला तोडगा होता. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसवत नाही आणि पाहवतही नाही.

गुंगीचं इंजेक्शन देऊन त्याला टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी मांडी धरून दाबली, मग हळूहळू बाहेर वळवली. आत कुठेतरी 'खट्' झालं. "हात ठेवा," म्हणाले. मी ठेवला. पुन्हा केलं, तेव्हा तळहाताला ते जाणवलं, जणू सैल झालेल्या कडीचा खटका. ही तपासणी मुळात तान्ह्या बाळांची, ऑर्तोलानी नावाच्या एका इटालियन बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी, असं त्यांनी हात धुता धुता सांगितलं. मला एकदम माझं बाळंतपण आठवलं. मुलगा दोन दिवसांचा होता तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या इवल्याशा मांड्या अशाच धरून फिरवल्या होत्या. मी घाबरून विचारलं होतं, काय करताय? त्या म्हणाल्या होत्या, काही नाही, बघतेय. तेव्हा खट् झालं नव्हतं, म्हणून ती तपासणी मी वीस वर्षं विसरून गेले होते.

शाळेत आपण शिकलेलो असतो, खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीच्या हाडातल्या खोलगट उखळीत बसतो आणि सगळीकडे फिरतो. एक्स-रेवर डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं, पेढ्याची उखळ उखळ नव्हतीच. ती बशी होती. उथळ बशीत ठेवलेली गोटी जशी घरंगळते, तसा तो माथा प्रत्येक पावलाला थोडा सरकत होता, घासत होता. हाडाच्या कडेला आतापासूनच काटेरी वाढ दिसत होती. कूर्चा, म्हणजे सांध्यातलं ते गुळगुळीत अस्तर, त्यात ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू. झिजायला लागलं तरी ते बोलत नाही. दुखायला लागतं तोवर बरंच झिजून गेलेलं असतं.

शस्त्रक्रियेचं बोलणं झालं. हाडाचा माथाच काढून टाकण्याची एक, कृत्रिम सांधा बसवण्याची दुसरी. ती दारं बंद नाहीत, पण आत्ताच ठोठवायला नकोत, असं ठरलं. मी निघताना तो ठरलेला प्रश्न विचारला. बरा होईल ना? डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, "बरा होणार नाही. पण बरा राहील."

मराठीत हा एक शब्द दोन घरचा पाहुणा आहे. ताप उतरून माणूस उठलं की ते 'बरं झालं'. आणि वाटेत कुणी भेटून कसं काय विचारलं की आपण म्हणतो, 'बरंय.' त्या बरंयमध्ये गुडघे, कर्ज, मुलाची नोकरी, रात्री न लागलेली झोप असं सगळं असू शकतं. तरी ते खोटं नसतं. चांगलं आहे असं आपण म्हणत नाही, वाईट आहे असंही म्हणत नाही. मधल्या एका पट्टीवर उभं राहून म्हणतो, चाललंय. डॉक्टरांनी मला त्या दिवशी एका अर्थाच्या दारातून बाहेर काढून दुसऱ्यात नेऊन बसवलं. मी दोन वर्षं तिथेच बसलेली आहे.

घरात दुसऱ्या पेशंट म्हणजे आमच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. पेढ्याचं निदान कळल्यावर घरात खरा आनंद कुणाला झाला असेल तर त्यांना. आनंद म्हणजे, सोबत मिळाल्याचा. सकाळी दोघांची उठायची वेळ एकच. "काय रे बाबा, उठवत नाही ना? मला पण नाही," असं म्हणत त्या पलंगाच्या कडेला बसून राहतात, तो समोर पुढचे पाय रोवून बसून राहतो. आधी कोण उठतं याची शर्यत असते. पाऊस यायचा असला की दोघांनाही आदल्या दिवशी कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे. आकाश निरभ्र असताना त्या वाळवण आत घ्यायला सांगतात आणि पुरावा म्हणून पेढ्याकडे बोट दाखवतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या गोळ्यांच्या डबीतून एक गोळी काढून मोडली. "अर्धी दे त्याला. मला लगेच आराम पडतो." त्यांचा हात वाटीशी पोहोचायच्या आत मी धरला, तो इतक्या जोरात की त्या दुखावल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही द्यायच्या नाहीत. आपल्याला उतार देणारी गोळी त्याच्या जठराला भोकं पाडू शकते, मूत्रपिंडं निकामी करू शकते. सासूबाईंच्या डबीवर डायक्लोफेनॅक लिहिलेलं होतं. त्यांना पटेना. मग मी त्यांना गिधाडांची गोष्ट सांगितली.

त्यांचं माहेर खटाव तालुक्यातलं. लहानपणी माळावर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं कशी उतरायची, हे त्या नेहमी सांगतात. पुढे ती दिसेनाशी झाली. आजारी जनावरांना हेच डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, ते जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ साली हे कारण उलगडलं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. त्याच्या जागी जे औषध गिधाडांना निर्धोक ठरलं त्याचं नाव मेलॉक्सिकॅम. पेढ्याच्या बाटलीवरही तेच नाव आहे. सासूबाईंनी बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग अर्धी मोडलेली गोळी स्वतःच गिळली आणि म्हणाल्या, "म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. आणि हे कळायला आभाळ रिकामं व्हावं लागलं." त्यानंतर त्यांनी डबी फळीवर वर ठेवली ती ठेवलीच.

पण औषध ही या कहाणीतली दुय्यम गोष्ट. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात मोठी गोळी म्हणजे त्याची वाटी. पेढ्या तेव्हा वर्षाचा होत आला होता आणि घरातला लाडका म्हणून सुटला होता. घरचा काटा त्याला पुरेना, म्हणून आम्ही त्याला ओळखीच्या आडत दुकानात नेलं. पोती मोजायच्या काट्यावर तो शहाण्यासारखा बसला. दुकानदार आकडा वाचून म्हणाले, "वहिनी, चौतीस किलो दोनशे. बारदान वजा करू का?" मागे हमाल हसले. पेढ्यानेही शेपूट हलवलं आणि आकडा पन्नास ग्रॅमने हलला.

तेव्हापासून घरात मापं आली. खाण्याचा कप ठरला. पोळीचा शेवटचा तुकडा बंद, सायीचं भांडं चाटणं बंद, आणि त्याच्याच नावाचा पेढा तर कायमचा बंद. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली, कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी तुपाची वाटी पाठीमागे लपवून उभी असते. भूतदयेचं हे असलं रूप कुठल्या संताला सुचलं नसतं. डॉक्टरांनी मात्र मला धीर द्यायला अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ४८ लॅब्राडॉर, एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि घरी आल्यावर पेढ्याच्या डोळ्यांना डोळा देऊ शकले नाही. त्या जोडीतल्या उपाशी भावाकडे अमेरिकेतही कुणीतरी असंच नजर चोरून बघत असेल का?

आठ महिन्यांनी काट्यावर अठ्ठावीस भरलं. औषध किलोवर मोजायचं असतं, त्यामुळे सिरिंजवरची रेघही खाली आली. त्या रेघेचा मला एखाद्या बक्षिसासारखा आनंद झाला. हमालांपैकी एकाने मात्र हळहळून विचारलं, "आजारी हाय का? वाळलाय किती!"

घरही बदललं. मोठ्या हौसेने बसवलेल्या गुळगुळीत टाइल्स त्याच्या शत्रू निघाल्या. पाय घसरला की तो खुबा आवळून धरी आणि संध्याकाळपर्यंत अवघडून जाई. मग हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्यांची वाट झाली, त्यांच्याखाली रबराची जाळी. पाहुण्यांना वाटतं, कार्य आहे की काय. मागचं अंगण जुन्या शहाबादी फरशीचं, ओबडधोबड. आम्ही तेही कधीतरी बदलणार होतो. तिथे तो राजासारखा चालतो. दिवाणावर चढायला लाकडी पेटीची पायरी आली, नखं दर पंधरा दिवसांनी कापायची ठरली, हिवाळ्यात वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून आधी माझ्या मनगटाला लावून मग त्याच्या खुब्याला. सासूबाईंनी महानारायण तेलही चोळून पाहिलं. त्याने वळून ते चाटायला घेतलं, तेव्हा तोही उपाय संपला.

दुधाचा हिशोब आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितल्यावर वेगळी वही कशाला, म्हणून त्याच चौकोनात पेढ्याही आला. चांगला दिवस म्हणजे 'बरा'. अवघडलेला म्हणजे टिंब. उठलाच नाही तर फुली. तीन महिन्यांनी ती पानं गुंडाळून घेऊन गेले. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, पेन फिरवत राहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडे सोमवारी काय होतं?" फुल्या सोमवारी होत्या. टिंबं मंगळवारी. सोमवारी काही होत नव्हतं. रविवारी होत होतं. शनिवारी रात्रीच्या एसटीने मुलगा यायचा आणि रविवारची सकाळ दोघं मैदानावर चेंडूमागे घालवायचे. आठवडाभराचं प्रेम एका सकाळी. पेढ्याला त्या वेळी काहीच दुखायचं नाही, कारण आनंदात दुखणं ऐकू येत नाही. बिल सोमवारी यायचं.

मुलाला हे सांगणं मला फार जड गेलं. तो फोनवर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी आलो की त्याला त्रास होतो." तसं नाही रे, म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले, कारण कॅलेंडर तसंच म्हणत होतं. आता तो येतो आणि त्याच्याबरोबर नुसता चालतो. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, सपाट वाटेने. रोज तेवढंच, ना जास्त ना कमी. चालणं बंद करूनही भागत नाही, कारण कूर्चेला रक्त पोहोचत नाही, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव आत मुरायला सांधा हलावा लागतो. स्पंज दाबून सोडला की पाणी पितो, तसं. फार हललं तर झिजतं, अजिबात नाही हललं तर उपाशी मरतं. मधली वाट वीस मिनिटांची आहे.

दिवाळीनंतर कृष्णेचं पाणी निवळलं की कधीकधी आम्ही त्याला संगम माहुलीला नेतो. वेण्णा जिथे कृष्णेला मिळते तिथून थोडं बाजूला, उथळ संथ पाण्यात. पाण्यात त्याचं वजन पाणी घेतं. मागचे पाय, जे जमिनीवर एकेक पाऊल मोजून टाकतात, ते आत सरळ मागे पसरतात आणि लयीत मारतात. काठावरून पाहणाऱ्याला कळणारही नाही. त्या वीस-पंचवीस फुटांत तो कुणाचाही अडीच वर्षांचा कुत्रा असतो. मग बाहेर येतो, अंग झटकतो, आणि झटकताना मागचा डावा पाय जरा लटपटतो.

माहुलीलाच शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्याने धन्याला वाचवलं, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. सासूबाई तिथे गेल्या की हात जोडतात. एकदा पेढ्याला म्हणाल्या, "बघ, तुझी माणसं." पेढ्याच्या नावावर एकही उडी नाही. उडी मारायची नाही हेच त्याचं पथ्य. त्याने त्या दगडाला हुंगलं, सावलीची बाजू शोधली आणि नेहमीसारखा तिरका, एक पाय बाहेर टाकून बसला. दुखतंय म्हणून तो कधी केकाटला नाही. आम्हाला जे कळलं ते अशा तिरक्या बसण्यातून, जिन्याच्या पहिल्या पायरीशी जरा वेळ थांबण्यातून, फटाके नसतानाही रात्री जागा बदलत राहण्यातून. सासूबाईंचंही तसंच. त्यांना विचारलं तर त्या म्हणतात बरंय. पण ज्या दिवशी देवाची फुलं काढायला स्वतः न जाता मला सांगतात, त्या दिवशी मी त्यांच्याही गुडघ्यांना शेक देते. हे मला आधी दिसत नव्हतं. सतरा वर्षं एका घरात राहून दिसलं नव्हतं.

गेल्या आषाढात सलग अकरा फुल्या पडल्या. पाऊस थांबत नव्हता, तो गोधडीवरून उठत नव्हता, औषध बदलून पाहिलं, रात्रीचं एक जास्तीचं आलं. रक्त तपासलं, यकृत, मूत्रपिंडं ठीक. दर सहा महिन्यांनी ही तपासणी असतेच. एका परिचितांनी चांगल्या मनाने सुचवलं, इतके हाल कशाला, सोडवून टाका बिचाऱ्याला. बिचाऱ्याला की आम्हाला, हे मी विचारलं नाही. त्या रात्री त्याच्याजवळ फरशीवर बसले होते. त्याने डोकं उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की माझा स्वतःचा उजवा गुडघा हल्ली मांडी घालू देत नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर बरंय म्हणते.

बाराव्या दिवशी पाऊस उघडला. सकाळी आधी पुढचे पाय, मग तो थांबलेला वेळ, मी मोजत पडलेली. अकरापर्यंत आले. मग उसासा, आणि नखं.

आज मंगळवार. दूध दीड लिटर. पेढ्या बरा.